काखेतली गाठ: सोनोग्राफीत दिसली तर काय, नाही दिसली तर काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, घरातली गोष्ट आहे म्हणून लिहावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी लिहितोय.

माझी आत्या ५८ वर्षांची, वाळवा तालुक्यात राहते. अंघोळीच्या वेळी उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी सगळं पंधरा दिवसांत झालं आणि कॅन्सर निघाला. गाठ १.६ सेमी. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलंय, ऑपरेशन करू, स्तन काढायची गरज नाही.

इथपर्यंत सगळे धीरात होते. पण सोनोग्राफीच्या रिपोर्टात खाली एक ओळ आहे: उजव्या काखेत एक लिम्फ नोड, कॉर्टेक्स ४ मिमी, फॅटी हायलम शाबूत. त्यावर डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनच्या आधी त्या काखेतल्या गाठीत सुई घालून तपासू.

आता घरात तीन पक्ष पडलेत. काका म्हणतात, सुई लावली की पसरतं. चुलतभाऊ म्हणतो, सरळ पेट स्कॅन करा. आणि खुद्द आत्या म्हणते, "अरे, मला काखेत अवधाण दर पावसाळ्यात येतं, भांगलताना बोट कापलं की येतंच, त्याचं काय एवढं?"

एवढंच विचारायचं आहे की सोनोग्राफीत कॅन्सर काखेत गेलाय की नाही ते कळतं का? कळत असेल तर सुई कशाला, आणि कळत नसेल तर सोनोग्राफी कशाला?

---

शेंगदाणा, सोमवार, रात्री १०:४०

आत्यांना लवकर आराम पडो. पण सुईचं जपून हं. आमच्या शेजारच्या काकूंना सुई लावली आणि सहा महिन्यांत सगळीकडे गेलं. डोळ्यांनी बघितलंय.

---

टाकेवाला, सोमवार, रात्री ११:०५

शेंगदाणा, रागावू नका, पण तुम्ही डोळ्यांनी बघितलं ते दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या एवढंच. काकूंचा आजार सुईच्या आधीच गेलेला असणार, म्हणून तर सहा महिन्यांत दिसला. मी सर्जन आहे, ही भीती रोज ऐकतो. खरा तोटा उलटा होतो: सुईला घाबरून माणसं तीन-चार महिने घरी बसतात आणि येतात तेव्हा काख भरलेली असते.

काखेत जाते ती बहुतेक वेळा बारीक सुई, इंजेक्शनच्या सुईएवढीच. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत घालतात, दोन-चार वेळा मागेपुढे करून पेशी ओढून घेतात, काचपट्टीवर पसरतात. काही ठिकाणी जाड सुईची कोअर बायोप्सी करतात. ती बंदुकीसारखी 'टक्' वाजते, आधी भूल देतात. आत्यांना एवढं सांगून ठेवा, आवाजानेच माणूस जास्त दचकतो.

कृष्णाकाठ, मूळ प्रश्न एक नंबर आहे. रेडिओलॉजीवालं कुणी येईपर्यंत थांबतो, त्यांचं अंगण आहे.

---

सोनोताई, मंगळवार, सकाळी ६:५०

आले. गेली एकोणीस वर्षं अंधाऱ्या खोलीत प्रोब फिरवतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी आत्यांचा 'अवधाण' हा शब्द. अगदी बरोबर आहे. हाताला जखम झाली की काखेतल्या ग्रंथी, म्हणजे तुमच्या रिपोर्टातले लिम्फ नोड, सुजतात, पायाला झाली की जांघेतल्या. त्या ग्रंथी म्हणजे नाकेच. स्तनातून निघणारा बहुतेक रस (लिम्फ) याच काखेच्या नाक्यावरून जातो. म्हणून जखमेतले जंतूही इथेच अडतात आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीही पहिल्यांदा बहुधा इथेच थांबतात. नाका एकच, वाटसरू वेगळे. आमची सगळी पंचाईत इथून सुरू होते.

पडद्यावर चांगली ग्रंथी राजम्याच्या दाण्यासारखी दिसते. लांबट, एका बाजूला खाच. मधला भाग पांढरा, तो चरबीचा, त्यालाच हायलम म्हणतात. त्याभोवती काळसर पातळ साल, तो कॉर्टेक्स. ही साल सगळीकडे सारखी आणि साधारण ३ मिमीच्या आत असली की आम्ही पुढे सरकतो.

आता सालीकडेच एवढं बारीक लक्ष का, तर ग्रंथीत रस आणणाऱ्या वाहिन्या काठाकाठाने, सालीतून आत शिरतात आणि बाहेर जाणारी वाट मधल्या खाचेतून असते. त्यामुळे कॅन्सरच्या पेशी आल्या की पहिल्यांदा सालीखालीच मुक्काम करतात. तिथे एखाद्या जागी फुगवटा येतो, साल जाड होते. मुक्काम वाढला की मधली पांढरी चरबी दाबली जाते, एका कडेला ढकलली जाते आणि शेवटी दिसेनाशी होते. तोवर राजम्याचा वाटाणा झालेला असतो, गोल आणि पूर्ण काळा. रक्तप्रवाह बघायचा डॉप्लर लावला तर खाचेतून येण्याऐवजी भलत्याच बाजूने रक्त शिरताना दिसतं. अशी ग्रंथी दिसली की सुई घालण्याआधीच मला साधारण अंदाज येतो.

नुसत्या आकारमानावर जाऊ नका. दोन-अडीच सेमीची लांबलचक, चरबीने भरलेली ग्रंथी निरुपद्रवी असते आणि सात मिमीची गोल काळी ग्रंथी झोप उडवते. रिपोर्टात 'ग्रंथी मोठी आहे' एवढंच लिहिलं असेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे.

आत्यांची मधल्या गटातली दिसते. साल ४ मिमी म्हणजे जाड, पण हायलम शाबूत. साल सगळीकडून सारखी जाड असेल तर सूज असण्याची शक्यता बरीच, एकाच जागी उंचवटा असेल तर संशय जास्त. म्हणून सुई. सावलीवरून माणूस ओळखायचा प्रयत्न आम्ही करतो, पण नाव विचारायला सुईच लागते.

दुसरा अर्धा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. काख स्वच्छ दिसली तर? सोनोग्राफीला मिलिमीटरभर पेशींचा पुंजका दिसत नाही. साल जाड व्हायला लागते तेव्हा आत बरंच काही घडलेलं असतं. त्यामुळे 'काखेत संशयास्पद काही नाही' असं मी लिहिते तेव्हा त्याचा अर्थ 'मला दिसलं नाही' एवढाच घ्यायचा.

एक विचारते, हसू नका. आत्यांच्या घरी मांजर आहे का?

---

पोहेवाली, मंगळवार, सकाळी ९:२०

सोनोताई, दंडवत. तीन वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर!

माझी स्वतःची गोष्ट. पहिली सोनोग्राफी एका तालुक्याच्या ठिकाणी केली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'डावा स्तन' एवढंच लिहिलेलं. तिथल्यांनी डावा स्तन बघितला, गाठ मोजली, रिपोर्ट दिला. काखेवर प्रोब ठेवलाच नाही. मलाही वाटलं, झाली सोनोग्राफी. पुढे शहरात गेले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी हात डोक्यामागे घ्यायला लावला, गार जेल काखेत ओतलं, वर एसी सुरू, आणि वीस मिनिटं नुसती काख बघत होते. मधेच थांबले, पुन्हा मागे आले, दोन फुल्या मारून मोजलं. तेव्हाच मला कळून चुकलं.

दोन ग्रंथींमध्ये होतं. म्हणजे ऑपरेशन आधी की केमो आधी इथपासून सगळं बदललं. चिठ्ठीवर 'दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा' असं लिहून घ्या. नसेल लिहिलेलं तर तिथल्या तिथे तोंडाने सांगा. लाजू नका.

---

सोनोताई, मंगळवार, सकाळी ९:४५

पोहेवाली +१. दुसऱ्या बाजूची काख बघायची याला आणखी एक कारण आहे. तुलना. दोन्ही काखांत सारख्याच ग्रंथी जाड असतील तर आम्ही आधी अंगातल्या दुसऱ्या कारणांचा विचार करतो. २०२१ मध्ये तर आमची तारांबळ उडाली होती. कोविडची लस दंडात घेतली की त्याच बाजूची काख भरून यायची, आणि बाई नेमकी तेव्हाच मॅमोग्राफीला आलेली. तेव्हापासून लस कधी आणि कुठल्या हातात घेतली हे विचारायची सवय लागली. आपल्याकडे वर क्षय आहेच, त्यानेही काखेतल्या ग्रंथी सुजतात.

---

फॉर्म_एफ, मंगळवार, दुपारी १:१५

थोडं अवांतर. सोनोग्राफी सेंटरमध्ये 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी सगळ्यांनी पाहिली असेल. १९९४ च्या त्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते. त्यावर पोट बघा, गळा बघा नाहीतर काख. कायद्याचं कारण रास्तच आहे, आपल्या राज्यात मुलींचं प्रमाण काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण परदेशात ब्रेस्ट सर्जन आपल्या ओपीडीतच छोटं मशीन ठेवून हाताला लागलेली ग्रंथी लगेच बघतो, तसं इथे सहज होत नाही. पेशंटला दुसरी जागा, दुसरी रांग, दुसरा दिवस.

(अवांतर संपलं. इथे कायद्यावर वाद नको, वेगळा धागा काढा.)

---

न्यूजर्सीकर, मंगळवार, रात्री ८:३०

माझ्या सासूबाई इकडेच असतात, ६६ वर्षांच्या. गेल्या वर्षी ९ मिमीची गाठ निघाली. काखेची सोनोग्राफी स्वच्छ. आणि सर्जन म्हणाली, काखेला हात लावणार नाही. नुसती स्तनातली गाठ काढली, रेडिएशन दिलं, गोळ्या सुरू. आम्ही घाबरलो होतो की काहीतरी अर्धवट सोडलं. पण इकडे २०२५ मध्ये अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने तशी अधिकृत शिफारसच केली आहे, असं दाखवलं.

मग सोनोताई म्हणतात की स्वच्छ म्हणजे 'मला दिसलं नाही', आणि इकडे त्याच स्वच्छ सोनोग्राफीच्या भरवशावर काख सोडून देतात. दोन्ही खरं कसं?

---

टाकेवाला, मंगळवार, रात्री १०:५०

ओपीडी संपवून आलो. या प्रश्नासाठी चहा करून बसलोय.

दोन्ही खरं आहे, आणि कसं ते मिलानच्या अभ्यासात आकड्यांनिशी दिसतं. तिथल्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीने 'साउंड' नावाची चाचणी केली. २०१२ ते २०१७ या काळात २ सेमीपर्यंत गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या बायका घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटात नेहमीप्रमाणे पहिल्या नाक्यावरच्या ग्रंथी, म्हणजे सेंटिनेल नोड, काढून तपासल्या. दुसऱ्यात काखेला हातच लावला नाही. शेवटी १४०५ जणींचा हिशेब झाला, २०२३ मध्ये निकाल आला.

ग्रंथी काढलेल्या ७०८ जणींपैकी ९७ जणींच्या ग्रंथीत कॅन्सर सापडला, म्हणजे १३.७ टक्के. सोनोग्राफीने 'स्वच्छ' म्हटलेल्या काखा होत्या या! सोनोताईंचं म्हणणं इथे सिद्ध झालं. म्हणजे न काढलेल्या गटातही साधारण तेवढ्याच बायकांच्या काखेत काहीतरी राहिलं असणार. पण पाच वर्षांनी दूरच्या अवयवांत आजार न पसरलेल्या किती, तर काढलेल्या गटात ९७.७ टक्के आणि न काढलेल्या गटात ९८.० टक्के. फरकच नाही.

कारण सोनोग्राफी चुकते ती बहुतेक वेळा थोड्यावर चुकते. चार किंवा जास्त ग्रंथी भरलेल्या आणि तरी सोनोग्राफी स्वच्छ अशा बायका त्या गटात ०.६ टक्के होत्या. राहिलेल्या बारीकसारीक पुंजक्यांचा समाचार गोळ्या, केमो, रेडिएशन घेतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या 'इन्सेमा' या चाचणीचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला, तोही याच दिशेचा. त्यात हात सुजण्याचं प्रमाण काढलेल्यांत ५.७ टक्के आणि न काढलेल्यांत १.८ टक्के होतं. ज्यांनी सुजलेला हात बघितलाय त्यांना या आकड्याची किंमत कळेल. बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही उसवावी लागते.

पण न्यूजर्सीकर, तुमच्या सासूबाई त्या शिफारशीत चपखल बसतात: पाळी गेलेली, वय ५० च्या पुढे, गाठ २ सेमीच्या आत, हार्मोनला दाद देणारी, हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) १ किंवा २, आणि काख सोनोग्राफीत स्वच्छ. यातली एक अट सुटली की हिशेब बदलतो.

कृष्णाकाठ, बायोप्सीच्या रिपोर्टात ग्रेड काय लिहिलाय?

---

कृष्णाकाठ, बुधवार, सकाळी ७:३०

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

रिपोर्ट परत काढला. ईआर, पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनला दाद देणारी), हर-टू निगेटिव्ह, ग्रेड ३.

सोनोताई, मांजर एक नाही, चार आहेत. त्यातली एक गाभण. आत्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे कायम असतातच. तुम्हाला कसं कळलं?

आणि पेट स्कॅनचं कुणीतरी सांगा, चुलतभाऊ ऐकत नाही.

---

सोनोताई, बुधवार, दुपारी २:०५

मांजर अंदाजाने. नखाच्या ओरखड्यातून एक जंतू जातो आणि काखेतल्या ग्रंथी सुजवतो, पुस्तकातलं कारण आहे. आपल्याकडे काखेतल्या गळवाला काखमांजरी का म्हणतात ते ठाऊक नाही, पण हा प्रश्न विचारताना मला दरवेळी तो शब्द आठवतो. मात्र मांजर आहे म्हणून सुई टाळू नका! मांजर आणि कॅन्सर एकाच घरात असू शकतात.

पेट स्कॅन: साखरेला चिकटवलेलं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात, जिथे पेशी अधाशासारखी साखर खातात तिथे चमकतं. सुजलेली ग्रंथीही चमकते, क्षयाचीही चमकते, आणि दोन मिमीचा कॅन्सरचा पुंजका चमकतच नाही. १.६ सेमीच्या गाठीला, बाकी काही त्रास नसताना, काखेच्या प्रश्नासाठी पेट करणं म्हणजे पैसे घालवून संशय विकत घेणं. मोठी गाठ असेल, काख भरलेली असेल, तर गोष्ट वेगळी.

---

टाकेवाला, बुधवार, रात्री ९:१५

ग्रेड ३ म्हणजे आत्या वरच्या शिफारशीबाहेर. सुई स्वच्छ आली तरी सेंटिनेल नोड काढून बघतील, आणि मीही तेच केलं असतं. सुईत कॅन्सर आला तर पुढचा बेत वेगळा बसेल. काखेतली सोनोग्राफी आणि सुई कशासाठी, याचं माझं उत्तर एवढंच: ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी कुठलं ऑपरेशन ते ठरवायला.

सेंटिनेल नोडसाठी निळं औषध टोचतात, ते वाहत जाऊन पहिल्या नाक्यावरच्या ग्रंथी निळ्या करतं. किरणोत्सारी टेक्नेशियम आणि त्याचे किरण टिपणारं यंत्र, गॅमा प्रोब, असेल तर आणखी नेमकं. हे यंत्र सगळीकडे नसतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यावर एक देशी उपाय अभ्यासला गेला, लो अ‍ॅक्सिलरी सँपलिंग. काखेत आडवी जाणारी एक संवेदनेची नस असते, तिच्या खालचा चरबीचा ठरावीक तुकडा ग्रंथींसकट काढायचा. ना रंग, ना प्रोब. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्जनला करता येतं. मला स्वतःला याचं फार कौतुक आहे.

---

दवबिंदू, गुरुवार, सकाळी ११:००

वाचनमात्र असते, आज लिहितेय. माझ्या बहिणीला सुईत कॅन्सर निघाला आणि केमो आधी दिली. तेव्हा सोनोग्राफीत बघून त्या ग्रंथीत धातूची बारीक क्लिप सोडली. आम्हाला समजेना, आत वस्तू कशाला ठेवतात. नंतर उलगडलं: केमोने ग्रंथी आक्रसून नेहमीसारखी दिसायला लागते, मग ऑपरेशनच्या वेळी 'ती' कोणती ते ओळखणार कसं? क्लिपवाली काढलीच पाहिजे, नाहीतर तपासणी खोटी समाधानकारक येऊ शकते. तिच्या क्लिपचा शेवटी एक्स-रे काढून खात्री केली. तांदळाच्या कणीएवढी होती.

---

टाकेवाला, गुरुवार, दुपारी ३:४०

दवबिंदू, लिहीत जा. केमोनंतर नुसत्या सेंटिनेल नोडवर विसंबलं तर दहाएक टक्के वेळा चकवा बसतो. क्लिपवाली ग्रंथी सोबत काढली की ते प्रमाण खूप खाली येतं. क्लिप परवडत नसेल तर काही ठिकाणी काळ्या शाईचं गोंदणही करतात.

---

कृष्णाकाठ, पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:२५

धागा वर काढतोय, माहिती द्यायची राहिली होती.

काखेत सुई झाली. आत्या म्हणाली, "गांधीलमाशी चावल्याएवढं दुखलं." रिपोर्ट: कॅन्सरच्या पेशी नाहीत, प्रतिक्रियेने सुजलेली ग्रंथी. काकांनी पेढे आणायची तयारी केली होती, टाकेवाल्यांचा प्रतिसाद दाखवून थांबवलं.

ऑपरेशनच्या सकाळी सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी सुई लावलेल्या ग्रंथीच्या जागी कातडीवर पेनने खूण केली. तीन निळ्या ग्रंथी काढल्या, खुणेखालची त्यांतच निघाली. टेबलावरच्या तातडीच्या तपासणीत तिन्ही ठीक. बारा दिवसांनी पक्का रिपोर्ट आला: संशय होता ती ४ मिमीवाली अगदी साफ, आणि शेजारची, जिच्याबद्दल सोनोग्राफीत अवाक्षर नव्हतं, तिच्यात १.४ मिमीचा पुंजका.

डॉक्टर म्हणाले, २ मिमीच्या आतलं आहे, काखेचं आणखी ऑपरेशन नको. रेडिएशन आणि गोळ्या ठरल्यात. ग्रेड ३ मुळे केमो द्यायची की नाही हे पुढच्या आठवड्यात ठरेल.

निळ्या औषधाने दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी झाली, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने वॉर्ड डोक्यावर घेतला होता. आता घरी आहे, हात वर उचलून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करते. मांजरीला पिल्लं झाली, पाच. त्यांना उजव्या हाताने उचलायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, त्यामुळे डाव्या हाताने उचलते.